सांधे टिकवायचे तर वजन कसं उचलावं आणि किती सावकाश वाढवावं

प्रश्न थोडक्यात असा: वय पन्नाशीकडे झुकलंय, जिना उतरताना गुडघे जाणवतात, खांदा अधूनमधून धरतो. अशा शरीराने वजनं उचलायला सुरुवात केली तर सांधे लवकर झिजतील की जास्त वर्षं टिकतील? आणि करायचंच ठरवलं तर काय, किती आणि कसं?

जास्त वर्षं टिकतील. अट एकच आहे: वजन वाढवण्याचा वेग स्नायूंच्या सांगण्यावरून ठरवायचा नाही. सांध्याभोवतीचं जे ऊतक सगळ्यात मंद गतीने तयार होतं, त्याच्या वेगाने चालायचं. व्यायामशाळेत दुखावलेल्या गुडघ्यांचा, कोपरांचा आणि खांद्यांचा माग काढला तर बहुतेक वेळा मागच्या तीन-चार आठवड्यांत घाईने वाढवलेलं काहीतरी सापडतं. कधी वजन, कधी सेट, कधी आठवड्यातले दिवस.

म्हणून आधी हे वेगवेगळे वेग समजून घ्या. स्नायू सगळ्यात उतावळे. पहिल्या सहा-आठ आठवड्यांत ताकद झपाट्याने वाढते, पण त्यातला मोठा वाटा मज्जासंस्थेचा असतो. मेंदू जास्त स्नायूतंतू एकाच वेळी कामाला लावायला शिकतो. स्नायूचा आकार डोळ्यांना दिसण्याइतका त्यानंतर वाढतो. कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा टेंडन, याचं गणित निराळं. त्यात रक्तपुरवठा कमी आणि पेशी थोड्या. जड भाराने तो अधिक ताठ आणि मजबूत होतो, पण मोजण्याजोगा फरक पडायला साधारण १२ आठवडे जातात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टाचेमागच्या अकिलीस कंडराच्या गाभ्यातलं कोलॅजन, म्हणजे कंडरा ज्याचा बनतो ते प्रथिन, तपासलं होतं. अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या कार्बन-१४ चा माग त्यासाठी वापरला होता. निष्कर्ष असा निघाला की साधारण सतराव्या वर्षापर्यंत घडलेला हा गाभा पुढे जवळजवळ बदलतच नाही. म्हणजे हाती आहे तोच कंडरा जन्मभर वापरायचा आहे.

हाडाला आणखी वेळ लागतो. जुनं हाड खरवडून त्या जागी नवं भरण्याचं एक आवर्तन काही महिन्यांचं असतं, त्यामुळे हाडांची घनता वर्षाच्या आत पुन्हा मोजून निराश होण्यात अर्थ नाही. कूर्चेची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हाडांच्या टोकांवरच्या या गुळगुळीत थरात रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळतं ते सांध्यातल्या वंगणद्रवातून. भार पडला की आतला द्रव बाहेर पडतो, भार उठला की ताजा द्रव आत शिरतो. ज्यांचा पाय दीर्घकाळ हलत नाही, त्यांची कूर्चा पातळ होत जाते. सांधा न वापरता जपून ठेवला तर जास्त टिकेल हा हिशेब म्हणूनच चुकतो. मात्र हेही स्पष्ट असू द्या की झिजून गेलेली कूर्चा व्यायामाने परत उगवत नाही. बळकट मांड्या आणि खुबे सांध्यावरचा धक्का वाटून घेतात, हालचाल नियंत्रणात ठेवतात आणि दुखणं कमी करतात. गुडघ्याच्या संधिवातात औषध-शस्त्रक्रियेच्या आधी व्यायाम सांगितला जातो तो याच कारणाने.

आता धोक्याचा काळ कोणता ते पाहा. चौथ्या-पाचव्या आठवड्यात वजन हलकं वाटू लागतं, उत्साह असतो, ताकद खरंच वाढलेली असते. स्नायू म्हणतात वाढव, कंडरा अजून पहिल्या आठवड्यातलाच आहे. मग सातव्या-आठव्या आठवड्यात कोपराच्या बाहेरच्या बाजूला किंवा गुडघ्याच्या वाटीखाली सकाळची ताठरता सुरू होते. ती आली की तीन महिने मागे जावं लागतं. पहिले १२ आठवडे जाणूनबुजून कमी करा. 'आज आणखी करता आलं असतं' असं वाटत घरी जाणं या काळात बरोबर आहे.

वजन वाढवण्याची पद्धत साधी ठेवा. प्रत्येक व्यायामाला आवर्तनांची, म्हणजे एका सेटमध्ये वजन सलग किती वेळा उचलायचं त्याची, एक पट्टी द्या, समजा ८ ते १२. एका वजनावर तीनही सेटमध्ये १२ आवर्तनं, सलग दोन वेळा, आणि शेवटीही अंगात दोन आवर्तनं शिल्लक आहेत असं वाटलं तरच वजन वाढवा. वाढ पायांच्या व्यायामात २.५ ते ५ किलो, हातांच्या व्यायामात १ ते २ किलो. वाढवल्यावर आवर्तनं ८ वर येतील. तिथून पुन्हा १२ कडे चढा. डंबेलची अडचण इथे लक्षात येते. ५ किलोवरून ७.५ वर जाणं म्हणजे एकदम दीडपट उडी आहे, आणि खांद्याला ती झेपत नाही. अशा वेळी ५ किलोवरच १५-१६ आवर्तनांपर्यंत जा, मग वजन खाली आणायला तीन सेकंद घ्या, आणि त्यानंतरच पुढचं डंबेल उचला. अर्धा-एक किलोच्या छोट्या प्लेट मिळत असतील तर घेऊन ठेवा. हातांच्या व्यायामाला त्यांचा उपयोग मोठ्या प्लेटपेक्षा जास्त होतो.

किती जड, हा पुढचा प्रश्न. इथे लोक दोन्ही बाजूंनी चुकतात. काही जण प्रत्येक सेट हात थरथरेपर्यंत, उचलणं अशक्य होईपर्यंत नेतात. त्याची गरज नाही. पण त्याहून जास्त लोक उलटं करतात: २५ वेळा सहज उचलता येईल असं वजन १२ वेळा उचलून खाली ठेवतात आणि वर्षभर त्याच डंबेलवर राहतात. सेट संपताना एक ते तीन आवर्तनं शिल्लक असावीत. याची खूण बाहेरून दिसते: तुम्ही पूर्ण जोर लावत असूनही शेवटची दोन-तीन आवर्तनं आपोआप मंदावतात. वेग अजिबात पडला नाही तर वजन हलकं आहे. शरीर वाकडं करून, झटका देऊन वजन वर न्यावं लागलं तर जड आहे, आणि ते आवर्तन मोजू नका.

स्नायूचा आकार हलक्या वजनानेही वाढतो, अगदी एकदाच उचलता येईल अशा कमाल वजनाच्या ३० टक्क्यांनीसुद्धा, फक्त सेट थकव्याच्या जवळ न्यायला हवा. सांधा कुरकुरत असेल तेव्हा ही मोठी सोय आहे: वजन कमी करा, २० ते २५ आवर्तनं करा, स्नायू टिकून राहतो. पण ताकद, कंडरा आणि हाडं यांना कधी ना कधी खरं जड वजन लागतं. ऑस्ट्रेलियात रजोनिवृत्तीनंतरच्या, हाडांची घनता कमी असलेल्या स्त्रियांवर 'लिफ्टमोर' नावाची चाचणी झाली. डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं), स्क्वॉट (वजन घेऊन बैठक) आणि ओव्हरहेड प्रेस (वजन डोक्यावर दाबणं), पाच-पाच आवर्तनांचे पाच सेट, कमाल वजनाच्या ८५ टक्क्यांच्या वर, जोडीला उडी मारून उतरणं. आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास, आठ महिने. कंबरेच्या मणक्यांची घनता सुमारे ३ टक्के वाढली; घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटात ती घटली. हे सगळं प्रशिक्षकाच्या नजरेखाली आणि हलक्या भाराने सुरुवात करून झालं होतं. हाडं ठिसूळ असणाऱ्याने एकट्याने पहिल्याच महिन्यात हे करू नये.

वय जास्त आहे म्हणून उशीर झाला असंही नाही. १९९० साली अमेरिकेत संशोधक मारिया फियातारोने यांनी वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या घरातल्या १० जणांना आठ आठवडे मांड्यांचा जड व्यायाम दिला. ज्यांनी तो पूर्ण केला त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. इतकी मोठी टक्केवारी येते कारण सुरुवात फार खालून झालेली असते, पण खुर्चीतून स्वतः उठता येणं आणि न येणं यांतला फरक नेमका तेवढाच असतो.

आठवड्याची मांडणी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात प्रौढांसाठी आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व प्रमुख स्नायूंचा व्यायाम सांगितला आहे. ६५ च्या पुढच्यांसाठी तोल आणि ताकदीचा एकत्रित व्यायाम किमान तीन दिवस. सांध्यांचा विचार करता नवख्याला दोन दिवस, मध्ये किमान ४८ तास सोडून, पुरेसे आहेत. सहा महिन्यांनी तिसरा दिवस जोडा. शरीराचे भाग वेगळे काढून आज फक्त छाती, उद्या फक्त पाठ, अशी वाटणी या वयात आणि या हेतूसाठी मला पटत नाही: एकाच सांध्यावर एका दिवसात फार भार पडतो आणि मग आठवडाभर काहीच नाही.

पहिला दिवस असा ठेवा: डंबेल छातीशी धरून गॉब्लेट स्क्वॉट, ३ सेट ८ ते १२, बेंचवर एक हात टेकवून डंबेल रोइंग, म्हणजे दुसऱ्या हाताने डंबेल कमरेकडे ओढणं, ३ सेट ८ ते १२, टेबलावर किंवा भक्कम कठड्यावर हात ठेवून तिरके पुश-अप, ३ सेट ६ ते १२, उभ्याने काफ रेज, म्हणजे टाचा उचलणं, ३ सेट १० ते १५, शेवटी दोन्ही हातांत वजनं धरून चालणं, म्हणजे फार्मर्स वॉक, ३० मीटरच्या तीन फेऱ्या. दुसरा दिवस: रोमानियन डेडलिफ्ट, म्हणजे वजन हातात धरून नितंब मागे नेत खुब्यातून वाकणं, ३ सेट ८ ते १०, स्टेप-अप, म्हणजे पायरीवर चढणं, प्रत्येक पायाला ८, असे ३ सेट, लॅट पुलडाउन, म्हणजे यंत्राची वरची दांडी छातीकडे ओढणं, किंवा वर अडकवलेला रेझिस्टन्स बँड खाली ओढणं, ३ सेट ८ ते १२, डंबेल खांद्यावरून वर दाबणं, २ सेट ८ ते १०, बसून काफ रेज, ३ सेट १२ ते १५. मोठ्या व्यायामांच्या सेटमध्ये दोन ते तीन मिनिटं विश्रांती घ्या. ती कापून घाम काढण्याचा मोह होतो, पण मग वजन कमी करावं लागतं आणि हेतूच हरवतो. पहिले दोन आठवडे प्रत्येक व्यायामाचा फक्त एक-एक, फार तर दोन सेट. वॉर्म-अप म्हणून पाच मिनिटं चालणं किंवा सायकल, आणि मग त्याच व्यायामाचे दोन हलके सेट: आजच्या वजनाच्या निम्म्यावर ८ आणि पाऊण वजनावर ४. लांबलचक स्ट्रेचिंगपेक्षा या दोन सेटांनी सांधा चांगला तयार होतो.

गुडघ्यांबद्दल जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त भीती त्यांचीच असते. 'स्क्वॉट करताना गुडघा बोटांच्या पुढे जाऊ देऊ नका' हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. २००३ साली हे मोजून पाहिलं गेलं. फळी लावून गुडघे अडवले तेव्हा गुडघ्यावरचं पीळबल, म्हणजे सांधा फिरवू पाहणारा जोर (टॉर्क), साधारण १५० वरून ११७ न्यूटन-मीटरवर आलं, पण खुब्यावरचं २८ वरून ३०० च्या वर गेलं, कारण धड पुढे झुकवावं लागतं. म्हणजे गुडघ्याची थोडी सुटका आणि त्याच्या कित्येक पटींनी खुबा-कंबरेवर बोजा. लांब मांडीच्या माणसाचा गुडघा पुढे जाणारच. तळवा पूर्ण टेकलेला, टाच उचलली जात नाही, गुडघा आत न कोसळता पायाच्या दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या दिशेत राहतो; एवढं पाळलं की पुरे. टाच उचलली जात असेल तर टाचेखाली दोन सेंटिमीटरची फळी ठेवा. बहुतेक वेळा घोटा पुरेसा वाकत नसतो, आणि दोष गुडघ्याला लागतो.

स्क्वॉट दुखत असेल तर तो सोडण्याआधी त्याची खोली बदला. ५० सेंटिमीटर उंचीच्या खुर्चीवर टेकून उठा. तेही दुखलं तर उशी ठेवून उंची वाढवा. दर दोन-तीन आठवड्यांनी दोन-तीन सेंटिमीटर खाली या. वर येण्यापेक्षा खाली जाण्याचा भाग सावकाश करा, तीन सेकंद. वाटीच्या खालचा कंडराच दुखत असेल तर हालचालीशिवाय भार देणं मानवतं: भिंतीला पाठ लावून गुडघे ६० अंशांच्या आसपास वाकवून ४५ सेकंद थांबायचं, असं पाच वेळा, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. काहींना त्याने लगेच बरं वाटतं, सगळ्यांना नाही. दोन आठवड्यांनी त्यावरून सावकाश, जड आवर्तनांवर यायचं: तीन सेकंद खाली, तीन सेकंद वर, पहिल्या आठवड्यात १५ आवर्तनांना पुरेल असं वजन, आणि १२ आठवड्यांत हळूहळू ६ आवर्तनांना पुरेल एवढं. नुसत्या विश्रांतीने कंडरा शांत होतो, पण मजबूत होत नाही, आणि जिना चढायला लागताच दुखणं परत येतं.

गुडघ्यात कटकट आवाज येतो पण दुखत नाही, सूज नाही, तर आवाजाकडे दुर्लक्ष करा.

पोटऱ्या हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. चालताना शरीर पुढे ढकलण्याचं मुख्य काम त्यांचं, तोल सावरण्याचंही. गुडघा सरळ ठेवून काफ रेज केला की वरचा, दिसणारा स्नायू काम करतो. गुडघा वाकवून केला की खालचा सोलियस जास्त काम करतो. चालताना-पळताना मोठा भार हा सोलियसच पेलतो, म्हणून वरच्या मांडणीत दोन्ही प्रकार ठेवले आहेत. पायरीच्या कडेवर चवडा ठेवून टाच पूर्ण खाली न्या, वर एक सेकंद थांबा, उसळी मारू नका. भिंतीला बोटं टेकवून एका पायावर सलग २० आवर्तनं होऊ लागली की हातात वजन घ्या. टाचेमागे कंडरा हाडाला जिथे चिकटतो तिथेच दुखत असेल, तर टाच पायरीखाली नेऊ नका, सपाट जमिनीवरच करा. खाली नेल्यावर तो कंडरा हाडावर दाबला जातो.

डेडलिफ्टमध्ये एक बारीक गोष्ट खूप जणांची पाठ दुखवते. ठरावीक मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो, म्हणून बारबेल जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर राहतो. नवखा माणूस हलक्या, छोट्या प्लेट लावतो. बार त्याहून बराच खाली जातो, आणि ज्याला कमी वाकवायला हवं तोच सगळ्यात जास्त वाकतो. बार ठोकळ्यांवर किंवा रॅकच्या दांड्यांवर ठेवून मध्य-नडगीच्या उंचीवर आणा. हिंज, म्हणजे खुब्यातून वाकणं, शिकताना भिंतीकडे पाठ करून एक पाऊल पुढे उभे राहा आणि गुडघे किंचित सैल ठेवून नितंब मागे नेऊन भिंतीला टेकवा. पाठीचा आकार बदलला नाही आणि मांडीच्या मागे ताण आला म्हणजे बरोबर. खाली किती जायचं हे तो ताण ठरवतो. जिथे पाठ गोल व्हायला लागते तिथून परत फिरा. हाडं ठिसूळ असल्याचं निदान असेल तर पाठ गोल करून पुढे वाकत वजन उचलणं, क्रंचेस (पडून धड वर उचलणं), पायाचे अंगठे धरणं हे टाळा. मणक्यांचे दबलेले अस्थिभंग नेमके त्या हालचालीत होतात.

खांद्याला दोन नियम पुरतात. जितके ढकलण्याचे सेट, तितके किंवा जास्त ओढण्याचे. आणि कोपर धडापासून ९० अंशात बाहेर काढून ढकलू नका. ४५ अंशांच्या आसपास ठेवा. डोक्यावर दाबताना हात अगदी बाजूला नको, थोडे पुढे, खांद्याच्या पात्याच्या रेषेत, तळवे एकमेकांकडे. डोक्यावर दाबणं दुखत असेल तर तिरक्या बेंचवर दाबा आणि बेंचचा कोन महिन्या-महिन्याने वाढवा. हाताची पकड वेगळी कमवायची गरज नसते, फार्मर्स वॉकने ती होते. पकडीला महत्त्व आहे: १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांच्या 'प्युअर' अभ्यासात, २०१५ साली, पकडीची ताकद दर ५ किलोने कमी असण्याशी मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त असल्याचं दिसलं. पकड ही एकूण ताकदीची खूण आहे. नुसता स्प्रिंगचा ग्रिपर दाबत बसून आयुष्य वाढत नाही.

आता दुखण्याबद्दल, कारण याच टप्प्यावर लोक सोडून देतात. शून्य ते दहा अशी पट्टी मनात धरा. व्यायाम करताना शून्य ते दोन म्हणजे निर्धास्त करा. तीन ते पाच चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते पूर्वीच्या पातळीवर आलेलं असलं पाहिजे. पाचच्या वर गेलं, किंवा २४ तासांनंतरही वाढलेलं राहिलं, सकाळची ताठरता वाढली, सांधा सुजला, तर पुढच्या वेळी सेट निम्मे करा किंवा वजन ३० टक्क्यांनी उतरवा. व्यायाम पूर्ण बंद करणं हा शेवटचा उपाय. स्नायूचं दुखणं यापासून वेगळं ओळखा: ते मांडीभर पसरलेलं, दाबल्यावर जाणवणारं, दोन दिवसांत उतरणारं असतं. सांध्याचं किंवा कंडराचं दुखणं एका बोटाने दाखवता येतं.

एमआरआयच्या अहवालाने घाबरू नका. पाठ अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे मणके तपासले तर विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांच्या चकत्यांत झीज दिसते. गुडघ्यातल्या मेनिस्कसच्या, म्हणजे हाडांमधल्या गादीच्या, फाटींचंही असंच आहे. मध्यमवयीन आणि वृद्ध लोकांत त्या वरचेवर आढळतात आणि बहुतेकांना त्यांचा त्रास नसतो. अहवाल निर्णयाला मदत करतो, पण आज किती वजन उचलायचं हे सांध्याचं वागणं ठरवतं.

काही लक्षणांवर मात्र थांबून डॉक्टरकडेच जायचं: सांधा मध्येच अडकून सरळ न होणं, लाल-गरम सूज, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पायात मुंग्या आणि सोबत ताकद जाणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, व्यायामात छातीत दाब येणं किंवा घेरी येणं. रक्तदाब ताब्यात नसेल तर आधी तो ताब्यात आणा. श्वास रोखून जोर लावला की दाब किती उसळतो याची कल्पना सहसा नसते. १९८५ साली शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत नळी घालून मोजलं तेव्हा जड लेग प्रेसमध्ये, म्हणजे पायांनी वजन ढकलताना, तो सरासरी ३२०/२५० भरला. हलक्या-मध्यम वजनात वर नेताना श्वास सोडा, आणि अशक्य होईपर्यंत सेट ओढू नका.

औषधांपैकी एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी, कारण व्यायामशाळेत ती कोणी विचारत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या गटातली अँटिबायोटिक्स कंडराला अपाय करू शकतात, टाचेमागचा कंडरा तुटूही शकतो. साठीच्या पुढे आणि सोबत स्टेरॉइड चालू असेल तर धोका वाढतो, आणि तो गोळ्या संपल्यावर काही महिनेही राहू शकतो. ही औषधं घेताना उड्या आणि जड काफ रेज थांबवा, नंतर सावकाश परत या, आणि टाचेमागे दुखायला लागलं तर लगेच डॉक्टरांना कळवा.

चार-सहा महिन्यांनी, ताकदीचा पाया झाल्यावर, वेग जोडा. वयानुसार स्नायूंचा आकार जितका घटतो त्याहून ताकद लवकर घटते, आणि वेगाने जोर लावण्याची क्षमता तिच्याहूनही लवकर. पाय अडखळल्यावर तोल सावरायला हीच क्षमता लागते. खुर्चीतून शक्य तितक्या वेगाने उठा आणि तीन सेकंदांत सावकाश बसा, ५ आवर्तनांचे ३ सेट, सत्राच्या सुरुवातीला, थकण्याआधी. तोलासाठी रोज एका पायावर ३० सेकंद, हाताशी आधार ठेवून. प्रगती मोजायला हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा उठण्याचा वेळ घ्या. वयानुसार होणाऱ्या स्नायूक्षयाच्या आशियाई निकषांत १२ सेकंद किंवा जास्त, युरोपीय निकषांत १५ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर ती धोक्याची खूण मानतात.

खाण्याचं थोडक्यात: वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं, दोन-तीन जेवणांत वाटून. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरच ठरवतील. क्रिएटिन मोनोहायड्रेट (स्नायूंसाठी घ्यायचं पूरक) रोज ३ ते ५ ग्रॅम उपयोगी आहे. सांध्यांसाठी विकल्या जाणाऱ्या बाकी गोळ्यांवर मी खर्च करायला सांगणार नाही. वजन जास्त असेल तर ते उतरवणं हा गुडघ्यावरचा मोठा उपाय आहे: शरीराचं १ किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार जवळपास ४ किलोंनी उतरतो.

खंड पडणार हे धरून चाला. दोन आठवडे चुकले तर फारसं काही जात नाही, जुन्या वजनाच्या ९० टक्क्यांवर सुरू करा. महिना-दीड महिना गेला तर ६० ते ७० टक्के वजन, निम्मे सेट, आणि तीन-चार आठवड्यांत पूर्वपदावर. परतताना ताकद पटकन येते आणि पुन्हा तोच स्नायू-कंडराचा फरक तयार होतो, त्यामुळे पहिल्या आठवड्यात जमतंय म्हणून जुनं वजन लावू नका. फार धावपळीचा काळ असेल तर आठवड्यातून एक दिवस ठेवा: वजन तेच, सेट कमी. कमावलेली ताकद तेवढ्यावर काही महिने टिकते. साठीच्या पुढे स्नायूचा आकार टिकवायला मात्र त्याहून जास्त लागतं, म्हणून तिथे दोन दिवसांच्या खाली शक्यतो जाऊ नका.